फुटपट्टीखालची ओळ

छापखाना बंद पडला तेव्हा काकू एकोणपन्नास वर्षांच्या होत्या. सव्वीस वर्षं त्यांनी तिथे प्रुफं तपासली होती. टेलिफोनच्या याद्या, कायद्याची पुस्तकं, औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं. निरोपाच्या दिवशी मालकांनी भिंतीवरचं घड्याळ देऊ केलं. काकूंनी आपली लाकडी फुटपट्टी मागून घेतली.

मग त्यांनी संगणकाचा क्लास लावला.

"अगं, या वयात लोक गुडघ्यांचे व्यायाम शिकतात," सासूबाई म्हणाल्या.

"तेही शिकेन. आधी पीएचपी."

"म्हणजे काय?"

"वेबसाइट चालवायची भाषा."

"मग शीक बाई. या घरात तुझ्याशी बोलतंय कोण!"

शाळा-कॉलेजांच्या वेबसाइट करणाऱ्या एका छोट्या कंपनीत त्या टायपिंगला लागल्या. दीड वर्षानं साहेबांनी त्यांना टायपिंगवरून उठवून कोडवर बसवलं. त्या दिवशी काकूंनी घरी फोन करून सांगितलं, "मला खिडकीजवळची खुर्ची मिळाली."

ती खुर्ची तीन महिन्यांनी जायची वेळ आली.

सोमवार होता. नर्सिंग कॉलेजच्या वेबसाइटवर प्रवेशपत्राचं पान उघडलं की नुसतं पांढरं दिसत होतं. ना अक्षर, ना रेघ. परीक्षा दुसऱ्या दिवशी. चारशे बारा मुलींनी प्रवेशपत्र छापून घ्यायचं होतं.

साहेब उभ्या उभ्याच बोलले. "या पानाला शेवटचा हात कुणाचा लागला?"

"माझा," काकू म्हणाल्या. "शुक्रवारी परीक्षाकेंद्राचा पत्ता टाकला. पण तो बदल मी काढून बघितला. पान तरीही पांढरंच."

"मग दुसरीकडे कुठेतरी हात लागला असेल. चार वाजेपर्यंत बघा. नाहीतर बाहेरचा माणूस बोलावतो. आणि तुम्ही उद्यापासून परत टायपिंगला."

शेजारच्या टेबलावर, सगळे ज्याला चष्मिष म्हणत, तो मुलगा बसायचा. कंपनीतला सगळ्यात हुशार प्रोग्रॅमर. तो खुर्ची ओढून आला. आधी दोघांनी फ्रेमवर्कमधली, म्हणजे वेबसाइटच्या तयार सांगाड्यातली, 'चुका लपवा' ही सोय बंद केली. लोकांसमोर चुका येऊ नयेत म्हणून ती एरवी चालू असते. पान पांढरंच. मग लॉगची फाइल उघडली. प्रोग्रॅम जिथे अडखळतो ते त्या फाइलमध्ये लिहून ठेवतो. सकाळपासून तिथे एकही ओळ पडली नव्हती.

"असं होत नाही," चष्मिष म्हणाला. "मरताना प्रोग्रॅम काहीतरी बोलतोच."

"हा मिठाची गुळणी धरून बसलाय."

बारा वाजले. चष्मिषनं हात टेकले. काकू उठल्या आणि त्यांनी प्रवेशपत्राच्या पानाच्या कोडची फाइल छापायला लावली. आठ कागद निघाले.

"काकू, झाडं वाचवा हो," कुणीतरी मागून म्हणालं.

"आधी खुर्ची वाचवते."

त्यांनी पर्समधून फुटपट्टी काढली, लाल पेन्सिल काढली, आणि आठव्या कागदाची शेवटची ओळ वाचायला घेतली. मग तिच्या वरची. मग तिच्या वरची.

"उलटं का वाचताय?" चष्मिष म्हणाला.

"सुलटं वाचलं की अर्थ कळतो. अर्थ कळला की डोळा पुढे पळतो. काय लिहिलंय ते दिसत नाही, काय असायला हवं तेच दिसतं. औषधाचं लेबल तपासायचं तर खालून वर. आमच्या फोरमनची शिस्त होती ती."

डबा तसाच राहिला. आठवा कागद संपला, सातवा, सहावा, पाचवा. साहेब दोनदा येऊन घड्याळाकडे बघून गेले. सव्वातीनला, चौथ्या कागदाच्या मध्यावर, फुटपट्टी थांबली.

"हे काय आहे?"

चष्मिष वाकला. मुलीचा फोटो उघडून लहान करणारी ओळ होती. तिच्या तोंडाशी ॲटचं चिन्ह होतं. ईमेलच्या पत्त्यात असतं तेच.

"अर्रर्र," तो म्हणाला.

"क्लासात हे शिकवलं नव्हतं."

"कुणी शिकवतही नाही. हे लावलं की ती ओळ चुकली तरी ब्र काढत नाही."

"बारीकसारीक चूक असेल तर ठीक. पण प्रोग्रॅम मरताना?"

चष्मिषनं मान हलवली. "आपलं पीएचपी जुनं आहे, काकू. यात ओळ मेली तरी बोलत नाही."

काकूंनी त्या चिन्हावर लाल वेटोळं काढलं आणि समासात 'काढा'ची खूण केली, छापखान्यात करायच्या तशी. मग की-बोर्ड पुढे ओढला, ते एक अक्षर खोडलं आणि पान पुन्हा उघडलं.

पान पांढरं नव्हतं. वरपासून खालपर्यंत चूकच चूक होती, ठळक अक्षरांत, ओळीच्या आकड्यासकट.

"बोलला!" काकू ओरडल्या. "बोलला रे बोलला!"

सगळी कचेरी उठून आली. पडद्यावर चूक बघून इतकं खूश झालेलं माणूस तिथे कुणी पाहिलं नव्हतं.

चूक साधी होती. फोटो लहान करणारा पीएचपीचा भाग नव्या सर्व्हरवर बसवलेलाच नव्हता. वेबसाइट नव्या सर्व्हरवर शनिवारी हलवली होती. हलवली होती साहेबांनी. चष्मिषनं तो भाग बसवला. काकूंनी शुक्रवारचा पत्ता परत टाकला. चार वाजायला दहा मिनिटं असताना पहिलं प्रवेशपत्र छापून बाहेर आलं. दोन वेण्यांची एक मुलगी त्यावरून रोखून बघत होती. काकूंनी तिच्या परीक्षाकेंद्राचा पत्ता अक्षर अन् अक्षर तपासला. बरोबर होता.

साहेबांनी कागद हातात घेतला. "शाबास. पण ते चिन्ह तिथे घातलं कुणी? सहा वर्षं कुणाला दिसलं नाही?"

काकूंनी पहिला कागद उचलला. "फाइलच्या डोक्यावर लिहिणाऱ्याचं नाव आहे. वाचू?"

साहेबांनी नाव बघितलं. सहा वर्षांपूर्वी ते स्वतःच प्रोग्रॅम लिहायचे. कान लाल झाले त्यांचे.

"राहू दे," ते म्हणाले.

"बाकीच्या फाइलींत तशा अजून चाळीस ओळी आहेत, साहेब. आत्ताच शोधून मोजल्या. सगळ्यांची तोंडं बांधलेली आहेत."

साहेब स्वतःच प्रिंटरपाशी गेले, कागदांचा नवा गठ्ठा फोडला आणि आत घातला.

"कुठून सुरुवात करताय?"

"शेवटून," काकू म्हणाल्या, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसून आधी त्यांनी डबा उघडला.