तुरीतला पॉइंटर

आमचे धाकटे दीर पुसदला राहतात आणि सणासुदीला केळापूरकडच्या शेतावर साहेबासारखे येतात. या हिवाळ्यात येताना त्यांनी पॉइंटर जातीचा कुत्रा आणला. झुडपात तितर असला की हा कुत्रा जागच्या जागी थबकतो, पुढचा एक पाय उचलतो आणि नाकानं जागा दाखवतो, हे त्यांनी आल्याआल्या सगळ्या गल्लीला ऐकवलं. भुंकून पाखरू उडवू नये म्हणून भुंकला की पट्ट्याचा फटका, अशी त्याची शाळा घेतली होती. तेही मोठ्या अभिमानानं सांगत होते. स्वतःचं तोंड मात्र दिवसभर मिटत नव्हतं.

"भाऊजी, शिकारीले बंदी हाय न?" मी विचारलं.

"मारून कुठं राह्यलो वहिनी? कुत्रा कसा उभा राह्यते, ते तं पाहा."

खांद्याला छर्ऱ्याची बंदूक होती. ती बहुधा हवा खायला आणली असावी.

तूर डोक्याच्या वर गेली होती. शेंगा तोडायच्या म्हणून मीही मागे गेले. कुत्रा आत शिरला, जरा सळसळ झाली, मग सगळं शांत. भाऊजींनी तूर बाजूला सारली. बांधावरच्या बाभळीखाली कुत्रा उभा होता, पुढचा पाय वर, शेपूट ताठ.

"चूप राहा," ते कुजबुजले आणि बंदूक बगलेत मारून मोबाइल काढला. तितराचा पत्ता नव्हता, व्हिडिओ मात्र चालू. एका बाजूनं झाला, मग दुसऱ्या बाजूनं. कुत्रा झुडपाकडे नाही, आमच्याकडे बघत होता. हे मला दिसलं, त्यांना मोबाइलमधून दिसलं नाही.

मी पुढे गेले. उचललेल्या पायात मोटारसायकलच्या क्लचची तार रुतली होती, दुसरं टोक बाभळीला. पेरणीनंतर रानडुकरांसाठी हा फास भाऊजींनीच लावला होता आणि लावून साफ विसरले होते. पायातून रक्त गळत होतं, पण कुत्र्यानं हूं की चूं केलं नाही. मी खाली बसून तार सोडवली.

पाय चिघळला. पांढरकवड्याच्या डॉक्टरांना तो काढावा लागला. लंगड्या कुत्र्याचं पुसदला काय काम, म्हणून तो माझ्याकडेच राहिला. आता तो दूधवाल्यावर भुंकतो, माकडांवर भुंकतो, माझ्यावरही भुंकतो, आणि मी भुंकू देते. भाऊजींची गाडी दारात आली की मात्र ओट्यावर गप्प उभा राहतो, थरथरत.

"पाहा वहिनी," ते पाहुण्यांदेखत सांगतात, "शिकवलेलं विसरला नाही."