माझ्या हातातलं लाटणं

"तिच्या हातात लाटणं नका गं देऊ कोणी."

काकू असं म्हणाल्या आणि सगळ्या बायका हसल्या. मंडळाचा गणपती होता. इथे अमेरिकेत, बॉथेलमधल्या हॉलच्या किचनमध्ये पुऱ्यांची गडबड चालली होती. मी ओट्याशी उभी राहून नुकतंच लाटणं उचललं होतं. ते खाली ठेवलं. आणि मीही हसले.

मीही हसले. जीभ काकूंची होती, पण हसणारं तोंड माझं होतं. त्याची शरम अजून जात नाही.

इथे कुणाचंही नाव कॉम्प्युटरवर टाकलं की कोर्टातलं जुनं सगळं वर येतं. माझ्या नावापुढे फेलनी येतं. म्हणजे गंभीर गुन्हा. नवऱ्याला लाटणं फेकून मारलं, हा तो गुन्हा. त्याने आधी माझा गळा आवळला होता, हे तिथे कुठेच नाही. त्याच्या कपाळाला खोक पडली होती. माझा गळा दुसऱ्या दिवशी काळानिळा झाला. पोलिसांना रक्त दिसलं. बेड्या मला पडल्या.

वकीलबाई म्हणत होत्या, लढू. पण काकूंचे यजमान घरी आले. रिटायर्ड डॉक्टर, सगळ्यांचे काका, मंडळात शेवटचा शब्द त्यांचा. नवरा तेव्हा त्यांच्याकडेच राहत होता. मी केलेला चहा घेत काका म्हणाले, "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. गिल्टी म्हण आणि मोकळी हो."

मी ऐकलं. आपल्याकडे चूक झाली म्हटलं की मोठी माणसं पाठीवर हात ठेवतात, प्रकरण मिटतं. मला वाटलं, कोर्टही तसंच असेल. कोर्ट काही कुणाचा काका नसतं. तिथे एकदा हो म्हटलं की ते चिकटतं. जज्जने विचारलं, मी "गिल्टी" म्हणाले. तेवढंच बोलले.

आधीच सिटिझन झाले होते, म्हणून देशातून हाकललं नाही. नवरा घटस्फोट घेऊन सनीव्हेलला गेला, नवा संसार थाटला. त्याचं नाव स्वच्छ आहे. मी पुण्यात शाळेत शिकवायचे. इथे एकही शाळा मला दारात उभी करत नाही. इंडियन ग्रोसरीच्या मागच्या खोलीत मी मेथीच्या जुड्या बांधते.

त्या गणपतीहून परतताना मुलगी गाडीत शेजारी बसली होती. किचनमध्ये ती पाण्याचे ग्लास भरत होती, तिने सगळं ऐकलं होतं. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाली, "आई, व्हाय डिड यू लाफ?"

मला तिच्याकडे बघवेना. सिग्नल सुटला, मागचा हॉर्न वाजवायला लागला, तरी पाय हलेना.

त्याच आठवड्यात मी वकीलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, शिक्षा संपून पुरेशी वर्षं झालीत, निकाल रद्द करायला अर्ज करता येतो. जज्ज मान्य करेलच असं नाही. मी म्हटलं, करा.

खबर काकांपर्यंत गेलीच. त्यांचा फोन आला. "जुनं कशाला उकरतेस? सगळे विसरलेत. तेव्हा शहाण्यासारखी वागलीस, आताही वाग."

"तेव्हा मी शहाणी नव्हते, काका. घाबरलेली होते."

आणि त्यांचं बोलणं संपायच्या आत फोन ठेवला. मोठ्या माणसाचा फोन असा मी आयुष्यात पहिल्यांदा ठेवला.

मंगळवारी सुनावणी आहे. वकीलबाई म्हणतात, तुम्ही आला नाहीत तरी चालेल. मी जाणार आहे. परक्या माणसांसमोर गळ्याची गोष्ट सांगायची, या विचारानेच कान तापतात. तरी सांगणार. मुलीलाही नेणार. ती गोष्ट तिने कॉम्प्युटरवर वाचू नये, माझ्या तोंडून ऐकावी.

अर्ज मंजूर झाला तर सरकारी रेकॉर्डवरून ते जाईल. काकूंच्या तोंडातून जाणार नाही, ते मला ठाऊक आहे. नामंजूर झाला, तर पुन्हा करीन.

पण पुढच्या गणपतीला मी त्याच ओट्याशी उभी राहीन. लाटणं उचलीन. बायका हसल्या तर हसू देत. मी हसणार नाही, आणि लाटणं खाली ठेवणार नाही.