उत्तरदाती क्रमांक नऊ

विद्यापीठाच्या ग्रंथालयात तिला सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. तशा तिथे आणखी चौघीजणी होत्या, पण ‘बाईंना विचारा’ म्हटलं की माणूस मुकाट्यानं दुसऱ्या मजल्यावर समाजशास्त्रात जायचा. सव्वीस वर्षांपूर्वी ती रुजू झाली तेव्हा समाजशास्त्र म्हणजे अडीच फळ्या होत्या, आणि त्यातली अर्धी कायद्याच्या पुस्तकांनी बळकावलेली. आज अकरा कपाटं आहेत. ती काही आपोआप भरली नाहीत. निवृत्त प्राध्यापकांच्या घरी जाऊन, त्यांच्या बायकांशी गोड बोलून तिनं माळ्यावरचे गठ्ठे खाली उतरवले. कचेऱ्यांमधले पाहणीचे अहवाल रद्दीत जायच्या आत उचलले. परगावच्या विद्यापीठांना पत्रांवर पत्रं लिहून भंडावून सोडलं. मुख्य ग्रंथपाल म्हणायचे, “बाई, कुणी गेल्याचं कळलं की तुम्ही आधी त्याच्या पुस्तकांची चौकशी करता.” त्यात खोटं काही नव्हतं.

तिच्या टेबलाच्या खणात एक वही असायची. त्या वहीत विभागात नसलेली पुस्तकं होती. ज्या विषयावर काहीच नाही तो विषय लिहायचा, पुस्तक मिळालं की ओळीवर काट मारायची. लग्न, घटस्फोट, विधवा, एकत्र कुटुंब, म्हातारपण, सगळ्यांवर काट मारून झाली होती. एक ओळ मात्र अठरा वर्षं तशीच राहिली होती: ‘आईवडिलांसाठी मागे राहिलेल्या मुली – काही नाही.’

ती ओळ तिचीच होती, हे वेगळं सांगायला नको. आई गेली तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. “धाकट्याचं मार्गी लागू दे, मग तुझं बघू,” असं बाबा म्हणाले. धाकट्याचं मार्गी लागलं. तो लांबच्या शहरात गेला, आता दर रविवारी फोन करतो आणि “ताई आहे म्हणून मी निर्धास्त आहे” असं म्हणून मोकळा होतो. हिचं बघायचं राहून गेलं ते गेलंच. बाबा निवृत्त मुख्याध्यापक, ब्याऐंशी वर्षांचे, आणि तब्येत ठणठणीत. अंथरूण धरलेला बाप असता तर निदान लोकांना दिसलं तरी असतं. बाबा फक्त ती घरी आल्याशिवाय चहा घेत नाहीत, आणि तिनं उंबऱ्यात पाऊल टाकलं की घड्याळ बघून भिंतीवरच्या कॅलेंडरावर तांबड्या पेन्सिलीनं वेळ लिहितात. पाच बेचाळीस. पाच अडतीस. एकदा सहा पंचवीस झाले तेव्हा त्यांनी त्या आकड्याभोवती गोल काढला होता. दुसऱ्या गावच्या एका नव्या विद्यापीठानं अख्खा विभाग उभा करायला तिला बोलावलं होतं, तेव्हा बाबा म्हणाले, “जा की. मी काय, भिंतींशी बोलेन.” तिनं त्या पत्राला उत्तरच पाठवलं नाही.

तीन वर्षांपूर्वी समाजशास्त्र विभागात एक नव्या प्राध्यापिका आल्या. त्या संशोधनासाठी विषय शोधत होत्या. हिनं सरळ वही उघडून त्यांच्यापुढे धरली. “यावर लिहा. आपल्याकडे एक पुस्तक नाही.” त्यांना विषय पटला, पण बोलायला बायका मिळेनात. ज्या मिळाल्या त्या म्हणायच्या, आमचं सगळं छान चाललंय. शेवटी त्या हिच्याकडेच आल्या. “बाई, तुम्हीच द्या ना मुलाखत. नाव कुठेही येणार नाही.” फळीवरची रिकामी जागा भरायची, एवढ्याच विचारानं ती कबूल झाली. एक दुपार ठरली होती, तीन दुपारी झाल्या. आजवर आरशापुढेही जे बोलली नव्हती ते सगळं बोलून बसली.

गेल्या महिन्यात ते पुस्तक आलं. तिनं मोठ्या खुशीत वहीतल्या ओळीवर काट मारली, मग पुस्तक चाळायला घेतलं, आणि एकशे बारावं पान तिनं दोनदा वाचलं.

‘उत्तरदाती क्रमांक नऊ. वय अठ्ठेचाळीस, कचेरीत नोकरी. मुलगी घरी परतल्याची वेळ वडील रोज कॅलेंडरावर लिहितात. ती म्हणते, “वडील गेल्यावर तू काय करशील, असं लोक विचारतात. मी त्या दिवसाची वाट बघते. मग माझीच मला इतकी लाज वाटते की त्या संध्याकाळी त्यांना दोनदा चहा करून देते.”’

नाव नव्हतं, गाव नव्हतं, नोकरीसुद्धा बदललेली होती. पण कॅलेंडर तसंच होतं. आणि बाबा समाजशास्त्रातलं नवं पुस्तक कधी सोडत नसत. ‘माझ्या लेकीचा विभाग’ म्हणून दर महिन्याच्या यादीवर ते खुणा करायचे, आणि ती पुस्तकं तिनं आणून द्यायची, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता.

पुस्तक लपवायला ग्रंथालयासारखी जागा नाही. फाडायला नको, चोरायला नको, फक्त चुकीचा वर्गांक चिकटवायचा. चुकीच्या फळीवर गेलेलं पुस्तक हरवलेलंच समजा. सव्वीस वर्षं डोळ्यांत तेल घालून जिनं हे होऊ दिलं नाही, तिनंच ते केलं. यादीत नोंद न करता पुस्तक तिसऱ्या मजल्यावर, पुलांच्या बांधकामात नेऊन ठेवलं. तीन दिवस तिला नीट जेवण गेलं नाही.

चौथ्या दिवशी देवघेवीच्या खिडकीशी चाळिशीची एक बाई आली. कुठेतरी पुस्तकाबद्दल वाचून आली होती. “जरा लवकर बघता का? आईला घरी एकटं ठेवून आलेय.” खिडकीवरच्या माणसानं संगणकात पाहिलं आणि नाही म्हणून सांगितलं. ती बाई घड्याळ बघत निघाली. हे सगळं ही जिन्यात उभी राहून ऐकत होती. ती तिसऱ्या मजल्यावर धावली, पुस्तक काढलं आणि त्या बाईला फाटकापाशी गाठलं. “आहे पुस्तक, आहे! चुकून वर गेलं होतं.” धापा टाकत तिनं पुस्तक तिच्या हातात दिलं. आठवड्यानं ते परत आलं तेव्हा तिनं खोटा वर्गांक सोलून काढला, खरा चिकटवला, आणि नाव यादीत घातलं. यादी घरी गेली, आणि बाबांनी पहिली खूण त्याच नावावर केली.

रविवारी सकाळी बाबा खुर्चीत बसून वाचत होते आणि ती समोर भाजी निवडत होती. कान पानांच्या आवाजाकडे होते. भीती होती, हे खरं. पण त्या भीतीच्या पोटात एक आशाही होती, आणि तिला त्या आशेचंच जास्त भय वाटत होतं. वाचतील. कळेल. मग अठ्ठावीस वर्षांत जे बोललो नाही ते दोघांना बोलावंच लागेल. रागावू देत, रडू देत, काहीही होऊ दे.

बाबा थांबले. त्यांनी चष्मा काढून पुसला. “अगं, ही नऊ नंबरची बाई वाचलीस का?”

“वाचली.”

“बाप भलताच विक्षिप्त दिसतो हिचा. पोरगी घरी आल्याची वेळ लिहून ठेवतो म्हणे! ती काय कैदी आहे?”

तिची नजर भिंतीकडे गेली. तिच्या पाठोपाठ बाबांनीही तिकडे बघितलं.

“आपलं वेगळं,” ते म्हणाले. “आपण काळजीपोटी लिहितो. हा संशयी आहे.”

“ती पुढे काय म्हणते ते वाचलंत?” तिनं विचारलं.

“वाचलं ना. बिचारी! मला तिचा राग नाही आला हं. इतकं होतं तर सोडून जायचं होतं. कुणी धरून ठेवलं होतं का?”

नऊ नंबर म्हणजे मी. एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांशी येऊन उभे होते. तिनं हातातली जुडी खाली ठेवली आणि खुर्ची पुढे ओढली.

बाबांनी तिच्या हातावर थोपटलं. किती वर्षांनी थोपटलं असेल, तिला आठवेना. “तिला घरात बोलायला माणूस नाही गं,” ते म्हणाले, आणि खरंच त्यांचे डोळे भरून आले होते. “म्हणून परक्या बाईपुढे मन मोकळं करायची पाळी आली तिच्यावर. आपलं किती बरं आहे. तू मला सगळं सांगतेस.”

“हो बाबा,” ती म्हणाली.