फेसाचं का बिनफेसाचं?

आमच्या आत्तीने कुणाला न विचारता काही दिलं असेल, तर ती फक्त शिवी. संध्याकाळी ती कोल्हापुरातल्या दूधकट्ट्यावर म्हैस घेऊन उभी राहायची. पेल्यात धार काढण्याआधी गिऱ्हाइकाला प्रश्न ठरलेला, "फेसाचं का बिनफेसाचं?" रोज फेसाचंच पिणारा एक पैलवान वैतागायचा, "आत्ती, रोजचंच की!" त्यावर ही म्हणायची, "कालचं काल. आज काय पायजे सांग."

वडिलांची ही थोरली बहीण. कॅन्सरमुळे तिचा डावा स्तन काढला तेव्हा मी कॉलेजात होते. जखम भरताच ती कट्ट्यावर हजर. मुलाने तिला ब्रामध्ये घालायचा सिलिकॉनचा मऊ उभार आणून दिला होता. तो फक्त लग्नाकार्यापुरता. एरवी दारामागच्या खुंटीला पिशवीत लटकलेला असायचा. "एक सड गेलं म्हणून म्हैस इकतोय व्हय आपण?" असं ती खणखणीत आवाजात म्हणायची आणि आजूबाजूचे पुरुष उगाच आभाळाकडे बघायचे.

पुढे माझ्याही छातीत गाठ निघाली. स्तन काढायचं ठरलं आणि डॉक्टरांनी पर्याय मांडले: इम्प्लांट बसवायचं, पोटाची चरबी घेऊन नवा उभार करायचा, पाठीचा स्नायू वळवून आणायचा, किंवा छाती सपाटच ठेवायची. घरात लगेच सभा भरली. सासूबाई म्हणाल्या, या वयात कशाला? नवरा म्हणाला, तुला हवं ते कर, आणि मग इम्प्लांटचे फायदे सांगत बसला. मी वैतागून आत्तीकडे गेले. ती सपाटच सांगेल आणि मी सुटेन, असं वाटलं होतं.

"माझं बघून ठरवू नगंस," ती म्हणाली. "तुला काय पायजे?"

ते मलाच ठाऊक नव्हतं. ती म्हशीला पेंड घालत राहिली, मला वेळ देत. शेवटी मी म्हणाले, "आरशात दोन्ही बाजू भरलेल्या पायजेत. पण परकी वस्तू नको."

"मग पोटाचं घे की. वाढीव हायच तुझ्याकडं!"

ते ऑपरेशन मोठं होतं, उठायला वेळ लागणार होता. तरी मी तेच घेतलं. घरी आल्यावर आत्ती बघायला आली. दार लावून तिने नीट न्याहाळलं. "झ्याक जमलंय!" मग पदर सारखा करत, कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाली, "मला तवा कुणी इचारलंच न्हाय गं. काढायचं म्हटले, काढलं."

इतकी वर्षं मी खुंटीवरच्या त्या पिशवीवरून हसत होते. म्हणाले, "आत्ती, मी विचारते. अजूनही करता येतं म्हणाले डॉक्टर. तुला काय पायजे?"

ती कपाटाच्या आरशासमोर उभी राहिली. समोरून बघितलं, बाजूने वळून बघितलं.

"मला हे असंच पायजे," ती म्हणाली. "पर इचारलंस, लई बरं वाटलं बघ."

त्यानंतर घरात लग्न निघालं. आत्ती नवी इरकल नेसून मांडवात सगळ्यांत पुढे बसली होती. पिशवी घरी खुंटीलाच होती.