लाखाला तीनने भाग जात नाही

गोंदियाच्या स्टेशनात मालगाडी उभी असली, की मी अजून डब्यांवरच्या आकड्यांची बेरीज करते. बेरजेला तीनने भाग गेला, तर त्या सबंध संख्येलाही जातो. ही खोड चौथीत लागली, त्या श्रावणात.

मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, लांबलेल्या तापातून उठले होते. मोठ्या आईने, त्यांच्या बायकोने, महादेवाला लाख तांदळांची लाखोली बोलली होती. दाणे अखंड हवेत, आणि वाटा सगळ्यांचा सारखा. कमीजास्त झालं तर पुण्यही कमीजास्त. मोजणाऱ्या तीन जावा: मोठी आई, माझी आई आणि काकू. मोठ्या बाबांच्या उशाशी महिनाभर बसली होती ती आत्या, त्यांची विधवा बहीण. तिने सुपात कणी वेगळी काढायची. दाणा वाहायचा नाही.

मोठी आई मला म्हणाली, "पाटी आण वो, वाटे सांग."

"तेहतीस हजार तीनशे तेहतीस. एक उरते."

"उरते कशी? नीट कर."

"कितीही करा, एक उरतेच."

"तो एक मी वाहीन," काकू म्हणाली.

"काऊन? तुह्याच नवऱ्याले ताप आलता का?"

आईने तोड काढली, "तिघी एकेक दाणा जास्त टाकू."

"मग लाख अन् दोन होतात," मी म्हणाले. "चौघी असल्या तर जमते."

मोठ्या आईने मला न्याहाळलं. "मग चौथी तूच बस."

खोटं कशाला सांगू, मला बसायचं होतं. पण आत्याचं सूप थांबलं होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती, कणीकडे बघत होती.

"पाचनंही भाग जाते," मी म्हणाले. "चौघीत पंचवीस हजार, पाचात वीसच."

पाचवी कोण, ते कुणी विचारलं नाही. घरात दुसरी बाई नव्हतीच. मग काकू पुटपुटली, "पाच हजार कमी होतात, बाई. धानाच्या रोवणीनं कंबर अशीच मोडून राहिली."

"बस मग," मोठी आई आत्याला म्हणाली. "पण कणी तूच काढशील."

"मी नाही काढन तं कोण काढन?" आत्या म्हणाली आणि पाटाशी सरकली.

शंभराचा ढीग झाला की मी पाटीवर जिच्या तिच्या रांगेत रेघ ओढायची. प्रत्येकीच्या दोनशे रेघा. आत्याच्या सगळ्यांत आधी भरल्या. मोठ्या आईला बारीक दिसत नसे. शेवटच्या दिवशी तिचे नऊ ढीग मागे होते. आत्याने तिचा पाट आपल्याकडे ओढला आणि नऊही मोजून दिले. म्हणजे वाटे सारखे झालेच नाहीत.

पाटीवर मात्र मी पाचही रांगा दोनशेच्याच ठेवल्या.