मचूळ पाणी

ताईच्या सासरचं पाणी मचूळ. तिच्या लग्नानंतर पहिल्यांदा गेलो, तेव्हा तिनं हौसेनं पेला पुढे केला आणि मी एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "कसं पितेस गं हे?" ती नुसती हसली.

पुढे दरवेळी तिथलं पाणी मला गोड लागत गेलं. यंदा भाऊजींना म्हणालो, "जीभ सरावली बघा माझी."

"जीभ कसली? तुम्ही येणार म्हटलं की ही टेकडीपलीकडच्या झऱ्यावरून हंडा आणते."

ताईचे गुडघे दुखतात, हे मला ठाऊक होतं.

पाण्याला खडकाची चव येते, मातीची येते, माठाची येते. कुणाच्या पायपिटीची मात्र येत नाही. इतकी वर्षं मी ती घटाघट पीत होतो.

मी आत जाऊन त्यांच्या माठातलं पाणी घेतलं.

"अरे, ते आमचं. तुला नाही आवडायचं," ताई म्हणाली.

मी पेला संपवला. पाणी मचूळच होतं.

"चांगलं आहे की."

"खोटारडा," ती म्हणाली आणि झऱ्याच्या पाण्याचा हंडा तिनं माझ्याकडे सरकवला.