ओली बाजू, कोरडी बाजू

धुलाईघरात तिला सगळे मावशी म्हणत. मुकादमसुद्धा, आणि तो तिच्यापेक्षा फार तर चार वर्षांनी लहान! मोठ्या हॉस्पिटलचं धुलाईघर ते. मधोमध काचेची भिंत, तिला एक दार. अलीकडे ओली बाजू, म्हणजे रक्ताच्या, ओकारीच्या चादरी निवडून मशीनमध्ये कोंबायच्या. पलीकडे कोरडी बाजू. तिथे इस्त्री, घड्या, रेडिओ आणि वर पगारही जास्त. मावशीची सव्वीस वर्षं ओल्या बाजूला गेली, त्याआधी तिच्या आईची एकतीस. ओल्या बाजूला सगळे काळे, कोरड्या बाजूला गोरे. काळ्यांना वेगळं ठेवणारा कायदा मावशीच्या लहानपणीच रद्द झाला होता. पण सुंभ जळला तरी पीळ थोडाच जातो!

लेकीला तिथेच नोकरी लागली, तेव्हा मावशी आनंदाच्या भरात बाजारात गेली आणि तिच्या मापाचे गमबूट घेऊन आली. चांगले, जाड अस्तराचे.

लेक बघतच राहिली. "आई, मी वर्षभर इस्त्रीचं मशीन शिकले. परीक्षेत पहिली आले. हे कशाला?"

"अगं, पाय भिजतात तिकडे."

"पण मला तिकडे घालणार, असं सांगितलं कुणी?"

मावशी आठवायला लागली. मुकादम काही बोलला नव्हता. नेमणुकीच्या पत्रात नुसतं 'धुलाईघर' होतं. पोरीचा रंग बघून आपणच सगळं ठरवून टाकलं होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने हे चष्मेवाल्याला सांगितलं. हा इस्त्रीवाला परदेशातून आलेला, गव्हाळ रंगाचा.

"मावशी, आमच्याकडे याला जात म्हणतात," तो म्हणाला.

"आमच्यात कुठली आली जात? आमचा रंग आहे."

"तुमच्याकडे रंग बघतात, आमच्याकडे आडनाव विचारतात. जन्माआधीच माणसाची जागा ठरलेली, ते मात्र दोन्हीकडे सारखंच. माझा बाप गटारात उतरायचा. मी शाळेत जायला लागलो, तरी आजीने माझ्यासाठी झाडू राखून ठेवला होता. तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि इथे मी ना गोरा ना काळा, म्हणून बघा, बरोब्बर दाराशी उभा केलाय!"

मावशीला हसू आलं, पण तिने डबा अर्धवटच मिटला. आधी तिला स्वतःचा राग आला, मग आईचा. मग ज्यांचा यायला हवा त्यांचा आला, आणि तो मात्र गेला नाही. त्या संध्याकाळी ती ओल्या बाजूच्या एकेकीशी बोलली.

सोमवारी लेक कामावर आली. मुकादमाने सवयीने रबरी एप्रन पुढे केला. मावशीने तो मधल्यामध्ये काढून घेतला.

"ही इस्त्रीवर जाणार, साहेब."

"मावशी, कशाला उगाच? आपापली माणसं आपापल्यात बरी. तिकडे तिला करमायचं नाही."

"नियम दाखवा."

"कसला नियम?"

"काळ्यांनी ते दार ओलांडायचं नाही, असा. कुठल्या कागदावर आहे?"

"असलं काही कागदावर असतं का?"

"मग मोडायलाही कुणाची सही लागायची नाही."

मागे एकही मशीन सुरू झालं नव्हतं. ओल्या बाजूच्या सगळ्याजणी हाताची घडी घालून उभ्या होत्या. मुकादमाने घड्याळाकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि नाक मुरडून दाराकडे हात केला. लेक ताठ मानेने पलीकडे गेली. चष्मेवाल्याने सरकून तिला वाट दिली.

"झालं ना मनासारखं?" मुकादम करवादला. "आता मशीन लावा."

"लावते की. आधी हे घ्या." मावशीने खिशातून कागद काढला. "माझा अर्ज. कोरड्या बाजूसाठी."

"तुमचा? अहो, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत तुमच्या!"

"हो ना," मावशी म्हणाली, "म्हणून तर आजच घ्या."